अनेकवचन

बुडालेल्या गलबताचा पंचनामा करायला
कंपनीनं मला झांझिबारला पाठवलं, तेव्हा
बंदरावरच्या कारकुनानं विचारलं, "बिमा?"
मी म्हटलं, "विमा."
एकाच सुतारानं केलेली दोन कपाटं
परक्या घरात समोरासमोर यावीत,
तसे आम्ही क्षणभर उभे.

कागद यायला नऊ दिवस होते.
तोवर मलिंदीच्या गल्लीत
म्झे मचानो खातिब यांच्या दाराबाहेरच्या
दगडी बाकावर बसायचं ठरलं.
(म्झे म्हणजे आजोबा, आणि साहेबही.)

म्हातारा चाळीस वर्षं शब्द गोळा करतोय.
चिठ्ठ्या लवंगांच्या खोक्यांत;
त्यामुळे त्याच्याकडच्या सगळ्या अर्थांना
दाढदुखीच्या औषधाचा वास.
एकेक उन्हात धरून दाखवी.
मेझा: पोर्तुगीज गेले, मेज राहिलं.
पेसा, लाकी, एंबे:
"हे तुमच्या किनाऱ्याकडून आले,
ईशान्येच्या वाऱ्यावर.
आता परत मागू नका,
आंबा इथे चौथ्या पिढीचा आहे."

अरबांबरोबर किताब आला.
इथल्यांना वाटलं, हा 'कि' तर आपल्याच घरचा,
म्हणून एक किताबू, अनेक विताबू.
पाहुण्याला आपली टोपी घालून
पंगतीत बसवलं, विषय संपला.
इंग्रजांनी चौकात पाटी ठोकली, कीप लेफ्ट.
मग ते गेले, आणि वळसा घालायचा तो गोल चौकच
किपिलेफ्टी झाला.
"आणि असे दोन चौक असले तर?"
मी मान हलवली.
"विपिलेफ्टी!"
म्हातारा इतका हसला
की कवळी सावरावी लागली.

शेजारची म्वाका, वय नऊ.
नव्या शब्दामागे शंभर शिलिंग, असा करार.
आजीकडून आणी, मासे विकणाऱ्या आत्याकडून आणी.
जूनमध्ये आजीचे शब्द संपले.
शिलिंगांची निकड संपली नव्हती.

"किझुले," ती म्हणाली.
"वीज गेल्यावरही पंखा
जेवढा वेळ फिरत राहतो, तेवढा वेळ."
"कोण म्हणतं असं?"
"पेंबा बेटावरचे लोक."
म्हातारा जन्मानं पेंबाचा.
त्यानं चष्मा पुसला. शंभर शिलिंग मोजले.
चिठ्ठीवर व्युत्पत्तीच्या जागी लिहिलं:
म्वाका, आमची गल्ली, मंगळवार.

मी सहज विचारलं, अनेकवचन?
"विझुले," ती म्हणाली,
एवढंही कळत नाही का, अशा सुरात.

मी बाकावरून उठलोच.
विझले! अहो, आमच्याकडे दिवा जातो तेव्हा...
हातवारे करून सांगितलं, फुंकर मारून दाखवली.
त्यानं सगळं ऐकून घेतलं.
"आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.
असले तोतये मी रोज दारातून परत पाठवतो."
"आणि हिचा शब्द?"
"तो तोतया नाही. तान्हा आहे."

नवव्या दिवशी खलाशांचे जबाब.
तळाला भोक पडल्यावरही
अकरा मिनिटं गलबत चालत होतं.
कुणाला कळलं नव्हतं.
सुकाणूवाला सांगत होता, घरी पोचल्यावर
काय काय जेवणार ते.
माणसं सगळी वाचली, माल गेला.

छापील अर्जात
त्या अकरा मिनिटांना रकाना नव्हता.
घटनेपूर्वी होतं, घटनेनंतर होतं.
मी समासात लिहिलं: किझुले.

महिन्यानं कागद परत आला.
तांबड्या शाईत शेरा:
सदर शब्दाचा अर्थ कळवावा.
आणि त्याच्या खाली, पेन्सिलीनं,
कुणा दुसऱ्याच्याच बारीक अक्षरात:
याचं अनेकवचन काय होतं?